झाडांच्या सावलीतले कुरण आणि दुभती गाय

एप्रिलमधल्या दुपारी आळंदी रस्त्याने दिघी मागे टाकून चऱ्होलीच्या शिवारात शिरावे. नव्या इमारतींच्या अधेमधे उरलेल्या एखाद्या पडीक तुकड्यावर आठ-दहा गुरे एकाच बाभळीच्या बुंध्याशी दाटीने उभी असलेली दिसतात. भोवती वाळके का होईना, गवत असते. पण एकही जनावर मान खाली घालून चरत नसते. धापा टाकीत ती ऊन उतरण्याची वाट पाहत असतात. उष्ण कटिबंधातील दुग्धव्यवसायाची मूळ अडचण एवढ्या दृश्यात येऊन जाते. गाईला गवत हवे असते हे सर्वांना ठाऊक आहे. त्या गवतापाशी तिला दिवसभर उभे राहता यावे यासाठी सावलीही हवी असते, याचा विचार मात्र आपल्याकडच्या दुग्धविकासाच्या योजनांत फारसा झाला नाही.

झाडे, गवत आणि जनावरे ही तिन्ही एकाच जमिनीवर हेतुपूर्वक एकत्र आणण्याच्या पद्धतीला कृषी विद्यापीठांच्या भाषेत ‘वनकुरण’ असे नाव आहे. त्यात रासायनिक खते, कीडनाशके व तणनाशके वर्ज्य केली आणि पशुखाद्यावरही तेच बंधन घातले, की ते सेंद्रिय वनकुरण होते. कल्पना आपल्याला परकी नाही. अकोले-इगतपुरीच्या पावसाळी डोंगरात डांगी गुरे पिढ्यान्‌पिढ्या झाडीतच चरत आली. खानदेशात उन्हाळ्याच्या टंचाईत अंजनाच्या झाडाचा पाला गुरांपुढे टाकण्याची रीत जुनी आहे. फरक इतकाच, की या रीतीकडे गरिबीची सोय म्हणून पाहिले गेले. दुधाच्या उत्पादनाची पद्धत म्हणून तिची आखणी झाली नाही.

गोठ्यात गेलेली गाय

चऱ्होली ही दोन गावे आहेत. इंद्रायणीच्या अलीकडची चऱ्होली बुद्रुक हवेली तालुक्यातली. ती १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आली. पलीकडची चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात आहे. एका बाजूस भोसरी-मोशीचे कारखाने, दुसऱ्या बाजूस चाकणची औद्योगिक वसाहत आणि मध्ये वारकऱ्यांची आळंदी, अशा कोंदणात हा परिसर बसलेला आहे. वाघेश्वराच्या टेकडीचा उतार, नदीकाठची काळी जमीन आणि नावातच वड असलेली वडमुखवाडी, ही इथली जुनी ओळख. पाऊस बेताचा, वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आगेमागे, आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत.

या पट्ट्यातले पशुपालन गेल्या अर्धशतकात चराईकडून गोठ्याकडे सरकत गेले. संकरित गाय आली, तिच्यासोबत हत्ती गवताची कुट्टी, मुरघास आणि गोणीतले पशुखाद्य आले. त्यात चूक काही नव्हती. दूध वाढले, घरात रोजचा पैसा आला. पण गाय जागेवर बांधली गेली आणि चारा तिच्यापर्यंत वाहून आणणे हा गोठ्यातला सर्वांत मोठा खर्च होऊन बसला. अलीकडच्या काळात लोकप्रिय झालेला ‘मुक्त संचार गोठा’ हा या बांधलेपणावरचा पहिला उतारा होय. गाईला दावणीतून सोडले, कुंपणाच्या आत मोकळे फिरू दिले, मध्ये एखादे झाड राखले, तर ती अधिक खाते, कमी आजारी पडते आणि माजावर आलेली लवकर कळते, हे शेतकऱ्यांनी स्वतःच अनुभवले. वनकुरण ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

पिंपरीचा या संदर्भात एक जुना धागा आहे, तो सहसा विसरला जातो. ब्रिटिशांनी १८८९ साली अलाहाबाद येथे पहिले लष्करी दुग्धालय काढले. पुढे अशी दुग्धालये देशभरातील छावण्यांजवळ उभी राहिली आणि त्यांतले एक पिंपरीत होते. होल्स्टीन फ्रिजियन व साहिवाल यांच्या संकरातून ‘फ्रीजवाल’ ही गाय या दुग्धालयांच्याच कळपांवर तयार करण्यात आली. देशातील ३९ लष्करी दुग्धालये बंद करण्याचा निर्णय २०१७ साली झाला व मार्च २०२१ मध्ये हा विभाग औपचारिकरीत्या मिटला. शहराच्या मधोमध एवढी मोठी मोकळी जमीन दुभत्या जनावरांच्या नावे राखलेली असण्याचे उदाहरण पुन्हा निर्माण होणे अवघड आहे.

उन्हाचा हिशेब

गाईचे पोट म्हणजे एक भट्टी असते. कोठीपोटात सूक्ष्मजीव चारा आंबवितात, त्यातून तिला पोषण मिळते आणि त्याचबरोबर भरपूर उष्णताही निर्माण होते. दूध जितके अधिक, तितका चारा अधिक आणि तितकी ही आतली उष्णता अधिक. होल्स्टीन गाईला साधारण ५ ते २५ अंश सेल्सिअस या मर्यादेत सुखाने राहता येते. पुण्यात एप्रिलचे कमाल तापमान सरासरीने ३८ अंशांच्या घरात असते. म्हणजे वर्षाचा मोठा भाग ही गाय आपल्या शरीराशी झगडत काढते.

हवामानाचा गाईवरील ताण मोजण्यासाठी तापमान व आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक वापरतात. तो ७२ च्या वर गेला की संकरित दुभत्या गाईवर ताण सुरू होतो, असा जुना ठोकताळा. अधिक दूध देणाऱ्या गाईंच्या बाबतीत ही मर्यादा आणखी खाली, ६८ पर्यंत, धरावी असे नंतरचे संशोधन सांगते. ताण आला की गाय प्रथम खाणे कमी करते, कारण भट्टीत सरपण कमी टाकणे हाच तिच्या हातातला पहिला उपाय असतो. रक्त कातडीकडे वळते, कासेकडे कमी जाते. दूध घटते, फॅट उतरते, आणि सर्वांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे गाय उलटते, गाभण राहत नाही. उन्हाळ्यात भरवलेल्या गाई पुन्हापुन्हा माजावर येतात, त्याचे खापर पुष्कळदा रेतनावर फुटते. प्रत्यक्षात दोष उन्हाचा असतो.

देशी गाईला हे ऊन तुलनेने सोसते. सैल लोंबती कातडी, आखूड चकचकीत केस, मोठ्या व अधिक घर्मग्रंथी, ही तिची आयुधे. खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या महाराष्ट्राच्या जातींनी ती हजारो वर्षांत कमावली आहेत. तथापि देशी गाईला सावली नको, असा त्याचा अर्थ नाही. तीही दुपारी झाडाखालीच रवंथ करते.

मग पत्र्याची शेड का पुरत नाही? पत्रा सूर्याचे ऊन अडवितो, पण स्वतः तापतो आणि ती उष्णता खाली फेकतो. झाडाचे पान पाणी बाहेर टाकून स्वतःला गार राखते. म्हणून आंब्या-चिंचेखालची सावली आणि पत्र्याखालची सावली या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे दुपारी दोन वाजता दोन्हीकडे पाच-पाच मिनिटे उभे राहिल्यास कोणालाही कळते. चांगल्या सावलीमुळे जनावराच्या अंगावर पडणारा किरणोत्सारी उष्णतेचा भार एकतृतीयांश किंवा त्याहून अधिक कमी होऊ शकतो.

गवत, पाला आणि सुबाभळीची कथा

सावली हा झाडाचा अर्धा उपयोग झाला. उरलेला अर्धा पानांत आहे.

उष्ण प्रदेशातील गवत भराभर वाढते आणि भराभर राठ होते. ऑक्टोबर सरला की आपल्या माळावरच्या कुसळी-पवन्याच्या गवतातील प्रथिने तीन-चार टक्क्यांपर्यंत उतरतात. चाऱ्यातील प्रथिने साधारण सात टक्क्यांखाली गेली, की कोठीपोटातील सूक्ष्मजीवच उपाशी राहतात. मग पोट भरलेले दिसले तरी चारा पचत नाही. डिसेंबरात माळावर चरून आलेली गाय भरल्या पोटी हाडे दाखविते, ती यामुळे. थंड देशांतील गायी नुसत्या कुरणावर वीस-वीस लिटर दूध देतात, या वर्णनाने भुलून जाऊ नये. निव्वळ उष्ण कटिबंधीय गवतावर, तेही चांगल्या मोसमात, दिवसाला आठ-दहा लिटरच्या वर जाणे संकरित गाईलाही कठीण असते.

द्विदल कुळातील झाडे ही उणीव भरून काढतात. सुबाभूळ, गिरिपुष्प, हादगा, शेवरी, पांगारा यांची मुळे हवेतील नत्र बांधतात. त्यामुळे युरियाविना गवताला खत मिळते. त्यांच्या पाल्यात कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि मुळे खोल गेलेली असल्याने गवत वाळल्यावरही पाला काही काळ हिरवा राहतो. पश्चिम महाराष्ट्रात शेवरी शेळ्यांसाठी बांधावर लावतातच. गिरिपुष्पाच्या वासाला गाई प्रथम नाक मुरडतात. पाला कोमेजवून दिल्यास काही दिवसांत सरावतात.

सुबाभळीची गोष्ट जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण ती पुणे जिल्ह्यातच घडली. महात्मा गांधींनी १९४६ साली उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि त्याची धुरा मणिभाई देसाई यांच्याकडे आली. गीर गाईंच्या पैदाशीपासून सुरुवात करून मणिभाईंनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. गावोगाव घरपोच कृत्रिम रेतन पोहोचविण्याचे या संस्थेचे काम सर्वांना माहीत आहे. त्याच सुमारास चाऱ्याचा प्रश्न सोडविण्यासाठी बाएफने सुबाभळीचा जोरदार प्रसार केला. पडीक जमिनीवर वाढणारे, सरपण देणारे आणि गुरांना पाला देणारे हे झाड म्हणजे जणू कल्पवृक्षच, असा त्या काळी बोलबाला झाला. मणिभाईंना १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे उत्साह ओसरला. त्याला तीन कारणे झाली. सुबाभळीच्या पाल्यात मायमोसीन नावाचे द्रव्य असते. एकूण चाऱ्याच्या सुमारे तीस टक्क्यांहून अधिक पाला दीर्घकाळ दिला तर केस गळतात, गलग्रंथी बिघडते, जनावर खंगते. दुसरे, १९८८ च्या सुमारास पानांतला रस शोषणारी एक बारीक कीड भारतात येऊन पोहोचली आणि झाडे पानगळीला आली. तिसरे कारण झाडाच्या स्वभावात आहे. शेंगा पिकू दिल्या की बी जिकडेतिकडे रुजते आणि तणासारखे माजते. लोकांनी झाडालाच दोष दिला. माझ्या मते दोष अर्धवट स्वीकाराचा होता. झाड आले, पण ते राखण्याची रीत आली नाही. चरून किंवा छाटून झाड कंबरेएवढे ठेवले, तर शेंगाच धरत नाहीत. आणि मायमोसीनवर निसर्गानेच उतारा ठेवला होता. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना हवाईतील शेळ्या हाच पाला बिनघोर खाताना आढळल्या. त्यांच्या कोठीपोटात या विषाचे विघटन करणारा जीवाणू होता. १९८० च्या दशकात तो ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात पोहोचविण्यात आला व क्वीन्सलँडमध्ये सुबाभळीच्या ओळींमध्ये गुरे चारण्याची पद्धत पसरली. त्या जीवाणूला जोन्स यांचेच नाव मिळाले आहे.

दुभत्या गाईंच्या बाबतीत सर्वांत पुढची मजल कोलंबियाने मारली. तेथील काउका नदीचे खोरे आपल्या बारामती-माळेगावसारखे ऊसमय आहे. त्या उसाच्या मधोमध ‘एल हातिको’ नावाच्या जुन्या गोपालन केंद्राने रासायनिक नत्र देणे थांबवून हेक्टरी दहा हजारांहून अधिक सुबाभळीची झुडपे, त्यांच्या मध्ये स्टार गवत आणि वर मोठी झाडे, अशी तीन मजली रचना उभी केली. तेथे लुसेर्ना या स्थानिक दुधाळ जातीच्या गाई चरतात. गुरांना झुडपाचा पाला तोंडाच्या उंचीवर मिळतो आणि पाठीवर सावली राहते. उसाच्या राज्यात गाईसाठी जमीन राखून ठेवणे हा त्या कुटुंबाचा निर्णय होता, हे ध्यानात ठेवावे; नुसत्या तंत्राने ते झाले नाही.

आखणी कशी करावी

आपल्याकडे आखणी करताना पहिली चूक होते ती एकाच मोठ्या झाडावर विसंबण्याची. वीस गाई एका वडाखाली जमल्या की तेथे शेणामुताचा चिखल होतो, कासदाह बळावतो, गोचीड वाढते आणि सगळ्या कुरणाचे खत एका वर्तुळात साठते. सावली पसरलेली हवी. ओळी उत्तर-दक्षिण ठेवाव्यात, म्हणजे सकाळी पश्चिमेस पडलेली सावली सायंकाळपर्यंत पूर्वेस सरकते. गाई तिच्यामागे सरकतात आणि मागची जमीन सुकते. मोठ्या सावलीसाठी शिरीष, कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ ही ओळखीची झाडे उत्तम. त्यांच्यामध्ये पाल्याच्या झुडपांच्या दाट ओळी असाव्यात.

गवताची निवडही सावली पाहूनच करावी. गिनी गवत अर्धवट सावलीत चांगले येते आणि तेथे ते उघड्यावरच्यापेक्षा अधिक काळ कोवळे राहते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेला फुले मारवेल, तसेच अंजन गवत, यांना मात्र उजेड लागतो. ती ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात पेरावीत. सोबत स्टायलो हे द्विदल टाकले तर कोरडवाहू जमिनीतही टिकते. सावली तीस-चाळीस टक्क्यांच्या पुढे गेली की गवताचे उत्पन्न घसरते, म्हणून फांद्या दरवर्षी उतरवाव्या लागतात. छाटणीचा कंटाळा असलेल्याने या वाटेस जाऊ नये.

घाणेरी कुंपणालाही ठेवू नये. तिचा पाला खाल्ल्यास यकृत बिघडते व उन्हात कातडी सोलवटते. कण्हेरीची तर गोष्टच नको. शोभेसाठी रस्त्याकडेला लावलेली कण्हेर आणि मोकळी सुटलेली गुरे यांचे शेजार धोक्याचे आहे.

चराई नेहमी तुकड्या-तुकड्यांनी करावी. सौरऊर्जेवरच्या झटका मशीनच्या तारेमुळे हे काम पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. पावसाळ्यात एका तुकड्यास चार आठवड्यांची, पुढे त्याहून बरीच अधिक विश्रांती लागते. नव्या झुडपांत पहिला पावसाळा संपेपर्यंत गुरे सोडू नयेत. उन्हाळ्यात चराई पहाटे आणि सायंकाळी; दुपारी सावली, पाणी आणि रवंथ. तापलेल्या दिवसांत दुभती गाय साठ ते शंभर लिटर पाणी पिते, आणि ते सावलीत असेल तरच मनसोक्त पिते. रात्री मात्र गाई बंदिस्त हव्यात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत उसात वाढलेला बिबट्या वासरू सोडत नाही.

‘सेंद्रिय’ म्हणविण्याची किंमत

देशातील सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००० सालानंतर अमलात आला. त्यानुसार हंगामी पिकांच्या जमिनीस दोन वर्षांचा, बहुवर्षायू पिकांच्या जमिनीस तीन वर्षांचा रूपांतर काळ पाळावा लागतो. रासायनिक खत बंद करणे त्या मानाने सोपे आहे. खरी अडचण गव्हाणीत येते. पश्चिम महाराष्ट्रातील गोठा सरकी पेंडीवर उभा आहे. २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली आणि आज राज्यातील जवळजवळ सर्व कापूस बीटी आहे. जनुकीय बदल केलेल्या पिकाचे खाद्य सेंद्रिय नियमांत बसत नाही. म्हणजे सरकी पेंड बाद. शेंगदाणा पेंड चालते, पण ती ओलसर जागी ठेवली की बुरशीचे विष तयार होते व ते दुधात उतरते. सुबाभूळ-शेवरीचा पाला या हिशेबात पुन्हा महत्त्वाचा ठरतो, कारण प्रथिनांचा तोच एक स्रोत शेतकऱ्याच्या स्वतःच्या कुंपणात आहे.

प्रतिजैविकांवरही निर्बंध आहेत. आजारी गाईस औषध द्यायचे नाही असा त्याचा अर्थ नव्हे. औषध दिल्यावर दूध किती दिवस बाजूला ठेवायचे, ती मुदत अधिक कडक होते. (देशातला पेनिसिलीनचा पहिला सरकारी कारखाना १९५४ साली पिंपरीतच उभा राहिला, हा योगायोग या ठिकाणी आठवतो.) घटसर्प, फऱ्या यांच्या लसी द्यायच्याच असतात. लम्पीच्या २०२२ मधील साथीनंतर तरी लसीविषयी शंका उरू नये.

चऱ्होलीसारख्या ठिकाणी आणखी दोन अडचणी आहेत आणि त्या पुस्तकांत सापडत नाहीत. पहिली पाण्याची. इंद्रायणीत शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायनयुक्त पाणी मिसळते. आळंदीत नदीवर तरंगणारा फेस गेली काही वर्षे वारंवार बातमीचा विषय झाला आहे. त्या पाण्यावर वाढविलेल्या गवताला, त्यात खताचा एक कण टाकला नसला तरी, सेंद्रिय कोणत्या तोंडाने म्हणावे? विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतल्याखेरीज या पट्ट्यात पुढचे पाऊल टाकू नये. मातीचीही जड धातूंसाठी तपासणी करावी.

दुसरी अडचण लोखंडाची. गाय गवत चावून निवडत नाही, जिभेने ओढून गिळते. छोट्या कारखान्यांच्या आजूबाजूच्या गवतात खिळे, तारेचे तुकडे, लेथ मशीनवरचा चुरा पडलेला असतो. तो पोटाच्या दुसऱ्या, जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो. तेथून हृदय हाताच्या अंतरावर असते. तार टोचत टोचत हृदयाच्या आवरणात शिरली की गाय वाचत नाही. परदेशांत यासाठी गाईच्या पोटात कायमचे लोहचुंबक सोडतात. आपल्याकडे निदान चाऱ्याच्या जागेवरून चुंबक फिरवून कचरा वेचता येईल. प्लास्टिक हा त्याच कुळातला शत्रू; गाईच्या पोटातून शस्त्रक्रियेने काढलेले पिशव्यांचे ढीग आपण छायाचित्रांत पाहतोच.

गुंठ्यांचे गणित

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ४०० किलो वजनाच्या गाईस दिवसाला सुमारे ११ किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे वर्षाला ४ टन. कोरडवाहू, पण चांगल्या राखलेल्या कुरणातून हेक्टरी ३ ते ४ टन कोरडे गवत मिळते आणि कुरण टिकवायचे तर त्यातले निम्मे जमिनीवर सोडावे लागते. म्हणजे एका गाईस दोन हेक्टर. पाल्याची झुडपे, सुधारित गवत आणि विहिरीचे थोडे पाणी यांच्या जोडीने ते एका हेक्टरापर्यंत किंवा त्याखालीही आणता येईल. शेतीच्या हिशेबात हे वाजवी आहे. पण चऱ्होलीत जमीन हेक्टराने मोजली जात नाही, गुंठ्याने मोजली जाते. दोन हेक्टर म्हणजे सुमारे दोनशे गुंठे. दोनशे गुंठ्यांवर एक गाय चारा, असा सल्ला या गावात देणारा माणूस वेडा ठरेल, आणि खाजगी मालकीच्या जमिनीपुरते ते बरोबरही आहे.

म्हणून प्रश्न सार्वजनिक जमिनीवर येतो. गायरान हे गावच्या गुरांचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार चराईसाठी जमीन राखून ठेवता येते आणि नंतर घातलेल्या कलम २२-अ ने गायरान अन्य कामास वळविण्यावर बंधने घातली. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. कागद भक्कम आहे. परंतु गाव शहरात विलीन झाले की गायरानाकडे ‘मोकळी सरकारी जागा’ म्हणून पाहिले जाते. मग त्यावर शाळा येते, घरकुल येते, जलशुद्धीकरण केंद्र येते. यातले प्रत्येक काम उपयुक्त असते, म्हणूनच विरोध करायला कोणी उरत नाही.

दुसरी शक्यता नदीकाठची. निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम करता येत नाही. तरीही ते होते आणि २०२५ च्या मे महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या पूररेषेतील ३६ बंगले महापालिकेला पाडावे लागले. जेथे घर बांधता येत नाही, तेथे गवत आणि करंज-जांभळाच्या ओळी लावायला हरकत नाही. वर्षातून एकदोनदा पाण्याखाली गेल्याने गवताचे काही बिघडत नाही. मात्र पुराबरोबर येणारा गाळ आधी सांगितलेल्या तपासणीतून जायला हवा, तोपर्यंत तेथील चाऱ्याला सेंद्रिय म्हणता येणार नाही. भाकड गाई आणि कालवडींसाठी तो वापरण्यापूर्वीही तपासणी टाळू नये.

चऱ्होली खुर्दच्या बाजूस आणि चाकणच्या पलीकडे खेड तालुक्याच्या पश्चिमेस अजून पडीक डोंगरउतार आहेत. तेथे दहा-वीस गाईंचे वनकुरण पोटापाण्याचा व्यवसाय म्हणूनही बसू शकेल, कारण ग्राहक तासाभराच्या अंतरावर आहे. पिंपरी-चिंचवडमधला नोकरदार ‘देशी’, ‘ए-टू’ अशा शब्दांसाठी दुप्पट पैसे मोजतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये ए-वन, ए-टू ही लेबले काढण्याचा आदेश दिला आणि आठवड्याभरात मागेही घेतला. या गोंधळापेक्षा, गाय कुठे चरते ते ग्राहकाला रविवारी नेऊन दाखविणे हे अधिक खात्रीचे प्रमाणपत्र ठरावे. हिरवा चारा खाणाऱ्या गाईच्या दुधाचा पिवळसर रंग तो स्वतः पाहील.

खाजगी जमिनीवर या पद्धतीची खरी अडचण झाडाच्या वयात आहे. शेवरी पहिल्या वर्षी पाला देते, सुबाभूळ दुसऱ्या. पण शिरिषाची किंवा करंजाची सावली गाईच्या पाठीवर पडायला पाच-सहा वर्षे जातात. बांधकाम व्यावसायिकाची वाट पाहत पडून राहिलेली जमीन चऱ्होलीत पुष्कळ आहे आणि मालक ती चराईला देतातही, पण तोंडी आणि एका हंगामापुरती. १९४८ च्या कूळकायद्याच्या भीतीने लेखी करार कोणी करीत नाही. शिवाय महापालिका हद्दीत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते. त्यामुळे उद्या विकायच्या जमिनीवर आज झाड उगवलेलेही मालकाला नको असते. गुराख्याला गवत मिळते, झाड लावण्याची मुभा मिळत नाही. पाच वर्षांचा लेखी चराई करार, त्यात कूळहक्क लागू होणार नाही अशी स्पष्ट तरतूद आणि कराराखाली लावलेल्या चारावृक्षांच्या छाटणी-तोडणीस सरसकट परवानगी, एवढी सोय महसूल खाते आणि महापालिकेने मिळून केली, तर त्या पडीक तुकड्यांवरच्या एकुलत्या बाभळीला सोबत मिळू शकेल.